नाव नंतर विचारा

घरावर संकट आले की आपण आधी काय उचलतो, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. कुणी कागदपत्रे उचलतो, कुणी कुत्रा, कुणी आईचा फोटो. पण संकट साऱ्या गावावर आले की आपण न सांगता आणखी एक गोष्ट करून बसतो. आपले कोण आणि बाहेरचे कोण, अशी रेघ ओढतो. आल्डर फोर्ड गावात ऑगस्टच्या एका शुक्रवारी ही रेघ व्हर्ना टिबेटच्या हातून ओढली गेली. व्हर्ना वाईट बाई मुळीच नव्हती. म्हणूनच तिची हकीकत सांगायला हवी.

ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, नदीच्या एका वळणावर हे गाव आहे. व्हर्नाने तिथे एकतीस वर्षे शाळेची पिवळी बस चालवली. गावातल्या निम्म्या माणसांना तिने लहानपणी नाक पुसायला लावले होते. निवृत्त झाल्यावर ती दरी सहाय्य मंडळात जाऊ लागली. पूर आला, वणवा लागला, कुणाचे घर जळाले, तर मंडळाची माणसे खाटा, पांघरुणे आणि गरम सूप घेऊन उभी राहत. मंडळ छोटे, पण जुने. त्याचे चार नियम शाळेच्या व्यायामशाळेत एका पुठ्ठ्यावर लिहून लावले होते. माणूस आधी. मदत गरज पाहून. बाजू कुणाचीच नाही. हुकूम कुणाचाच नाही. व्हर्नाने ते इतक्या वेळा पाहिले होते की आता ते तिला दिसतही नसत.

त्या शुक्रवारी डोंगरामागे वणवा पेटून पाच दिवस झाले होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि दिवे लावावे लागले होते. सूर्य तांबड्या बटणासारखा धुरात अडकला होता. मोटारींच्या टपांवर राख पिठासारखी पसरली होती. व्यायामशाळेत ऐंशी खाटा मांडल्या होत्या. त्यातल्या बेचाळीस भरल्या होत्या. दाराशी टेबल टाकून व्हर्ना नोंदणीला बसली होती, आणि ती घाबरलेली होती. दर पाच मिनिटांनी उठून ती खिडकीशी जाई आणि डोंगराची कड अजून दिसते का ते पाही. आपली गाडी तिने रस्त्याकडे तोंड करून उभी केली होती, किल्ली आतच ठेवली होती.

लोकही घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी दोषी हवा असतो. सकाळपासून फोनवर एक बातमी फिरत होती. नदीपलीकडे स्ट्रॉडच्या सफरचंदाच्या बागेत राहणाऱ्या मेक्सिकोच्या मजुरांनी म्हणे उघड्यावर चूल पेटवली, आणि त्यातून हे सगळे झाले. बातमी कुणी पहिल्यांदा दिली, ते कुणालाच सांगता येत नव्हते. पण कर्ट लॅशलीचे घर पहाटे जळून गेले होते. तो खाटेवर बसून बुटांकडे पाहत तेच तेच बोलत होता, आणि ज्याचे घर गेले त्याला गप्प बस असे म्हणायची कुणाची छाती होत नव्हती.

अशा वेळी ते सहा मजूर दारात आले. पुढे नोहेमी नावाची चाळिशीची बाई होती. तिला इंग्रजी बऱ्यापैकी येत होते. तिच्या मागे तिचा थोरला भाऊ फर्मिन भिंतीला टेकून खोकत होता. बागेच्या मालकाने, म्हणजे ग्लेन स्ट्रॉडने, काल गाडी पाठवतो असे सांगितले होते आणि आज सकाळी तो स्वतः ट्रक भरून निघून गेला होता. गाडी आलीच नाही आणि त्याचा फोनही लागत नाही. अग्निशमन दलाला सूप पोचवून परतणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्यांना पुलापर्यंत आणून सोडले होते. दोन दिवस राहायला जागा मिळेल का, एवढेच ती विचारत होती.

मग कर्ट उठून उभा राहिला.

"व्हर्नाताई, हे इथे राहणार असतील तर मी बाहेर झोपतो. माझं घर कुणी जाळलं ते साऱ्या गावाला माहीत आहे."

आणखी दोघेतिघे पुटपुटले. भांडण झाले तर व्हर्ना एकटी काय करणार होती? आणि खरे सांगायचे तर फोनवरची ती बातमी तिने स्वतःही अर्धी खरी मानली होती. तिने कागद पुढे ओढला आणि नोहेमीला विचारले, इथल्या पत्त्याचा काही पुरावा आहे का.

नोहेमीने पाकिटातून कामाच्या परवान्याचा कागद काढला. त्यावर बागेचे नाव होते, घराचा पत्ता नव्हता. व्हर्ना म्हणाली, की ही सोय गावातल्या लोकांसाठी आहे, तुमची जबाबदारी मालकावर आहे, संध्याकाळी जागा उरली तर पाहू. असा नियम मंडळात कधीही नव्हता. तो तिने त्या क्षणी बसल्या जागी केला.

नोहेमीने वाद घातला नाही. ती मान हलवून वळली. बाकीच्यांपैकी दोघांनी फर्मिनच्या काखेत हात घालून त्याला पायऱ्या उतरवल्या. दार बंद झाले तेव्हा व्हर्नाला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची लाज तिला पुढे कित्येक महिने वाटत राहिली.

अर्ध्या तासाने लूशामावशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. लूशा पेरेपेल्किन, वय सत्याहत्तर, मंडळाच्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. बीट आणि कोबीच्या सुपाचा मोठा डाव त्यांच्या हातात होता. बाहेरच्या रस्त्यावर खोकणारा माणूस चालत गेला तो कोण, असे त्यांनी विचारले. व्हर्नाने सांगितले. पुराव्याचेही सांगितले. सांगतानाच तिचा आवाज बारीक होत गेला.

मावशींनी डाव टेबलावर ठेवला.

"चालत? कुठे चालत गेले ते?"

"परत बागेत असतील. दुसरं कुठे जाणार?"

"नदीपलीकडे," मावशी म्हणाल्या. "आगीच्या बाजूला. आपण पाठवलं त्यांना."

व्हर्ना एकदम बोलायला लागली. लोक चिडले होते, कर्टचे घर गेलेय, मारामारी झाली असती, आणि समजा, खरेच त्यांनी आग लावली असेल तर? मावशींनी तिला पुरते बोलू दिले. मग खुर्ची ओढून त्या समोर बसल्या.

"लावली असेल तर पोलीस बघतील, न्यायाधीश बघतील. त्यांना त्याचा पगार आहे. आपल्याकडे खाटा आहेत. खाट म्हणजे काही शाबासकी नाही गं, चांगल्या वागणुकीबद्दल द्यायला."

"तुम्हाला सोपं आहे मावशी. तुम्ही आत होतात. तुमच्यासारखं मन सगळ्यांचं नसतं."

"माझं मन?" मावशी हसल्या नाहीत. "तो पुठ्ठा मी लिहिलाय. का लिहिला ते तुला कधी सांगितलं नाही. मोठ्या पुराच्या वर्षी होडी माझ्याकडे होती. मी आधी आमच्या प्रार्थनामंदिरात येणाऱ्यांची घरं घेतली, मग ओळखीची. नदीकाठी चाकांवरच्या एका गाडीघरात एक म्हातारा राहायचा. दारुडा होता, बायकोला मारायचा, म्हणून ती सोडून गेलेली. त्याला मी शेवटी ठेवलं. मनात म्हटलं, याला थोडं भिजू दे. मी पोचले तेव्हा गाडीघर तिथे नव्हतं. चार दिवसांनी सापडला तो, खाली धरणाच्या जाळीला."

व्हर्नाने मान वळवून पुठ्ठ्याकडे पाहिले.

"नियम चांगल्या माणसांनी नाही लिहिलेले, व्हर्ना. एकदा चुकलेल्या आणि घाबरलेल्या माणसांनी लिहिलेत. भीती वाटली की आपलं डोकं आपलं राहत नाही. म्हणून ते आधीच लिहून ठेवायचं."

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. वारा फिरला होता. नदीपलीकडच्या उतारावर आजवर 'तयारीत राहा' एवढीच सूचना होती. आता तिथून ताबडतोब निघायचा हुकूम झाला. मावशींनी अग्निशमन ठाण्याला वायरलेसवर विचारले. पलीकडून उत्तर आले की पूल अजून उघडा आहे, अर्धा तास फार तर, त्यानंतर कुणाला सोडणार नाही. त्यांच्या सगळ्या गाड्या वरच्या बाजूला अडकल्या होत्या. मंडळाकडे एकच बस उरली होती. दुसरी वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन सकाळीच शेजारच्या शहरी गेली होती. आणि ती बस चालवू शकणारी व्यायामशाळेत एकच व्यक्ती होती.

"आपण कुणाला मरायला पाठवत नाही," मावशी म्हणाल्या. "रस्ता बंद असता तर मी विचारलं नसतं. उघडा आहे म्हणून विचारते. नाही म्हणालीस तरी चालेल."

"मला फार भीती वाटतेय, मावशी."

"मलाही. मी मागच्या बाकावर बसते."

व्हर्नाने एकतीस वर्षे तीच बस चालवली होती, बर्फात चालवली होती, धुक्यात चालवली होती. पण त्या दुपारी पहिला गिअर तिला दोनदा टाकावा लागला. पुलावर उभ्या असलेल्या अग्निशमन दलाच्या माणसाने घड्याळावर बोट ठेवून दाखवले आणि बाजूला झाला. पलीकडे रस्ता चढणीचा. दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडे फळांनी लगडलेली, आणि त्यांच्या माथ्यावर धूर एखाद्या छपरासारखा टेकलेला. डावीकडे डोंगराच्या उतारावर देवदार एकेक करून पेटत होते. आधी झाड नुसते उभे दिसे, मग बुडापासून शेंड्यापर्यंत एका दमात ज्वाळा चढे. त्याचा आवाज बंद खिडक्यांतून आत येत होता. मागच्या बाकावर मावशी रशियन भाषेत काहीतरी पुटपुटत होत्या. प्रार्थना असावी.

मजुरांच्या खोल्या रिकाम्या होत्या.

व्हर्नाने खाली उतरून एकेक दार ढकलून पाहिले. चुलीवरच्या पातेल्यातल्या घेवड्याच्या शेंगा अजून कोमट होत्या. अंथरुणे तशीच पडली होती. म्हणजे ते इथे आले होते आणि आत्ताच कुठेतरी गेले होते. तिने हाका मारल्या. उत्तर नाही. ठिणग्या अंगणात येऊन पडायला लागल्या होत्या. एक तिच्या बाहीवर पडली. ती झटकताना तिच्या मनात आले, की आपण आलो, पाहिले, कुणी नव्हते, आता परत गेलो तर आपल्याला कोण नाव ठेवील?

मग तिला खोकला ऐकू आला.

बागेच्या कडेला पाण्याच्या पंपाची एक सिमेंटची खोली होती. खोकला तिथून येत होता. दार आतून लावलेले होते. व्हर्नाने ते वाजवले, आपले नाव सांगितले, बस आणली आहे म्हणाली. आत एकदम शांतता पसरली. कुणीतरी फर्मिनच्या तोंडावर हात धरला असावा.

बऱ्याच वेळाने नोहेमीचा आवाज आला. "पोलीस आहेत का बरोबर?"

तेव्हा व्हर्नाला कळले. आपण कागद मागितला. कागद मागणारी बाई आता गाडी घेऊन दाराशी आली आहे. ही माणसे वणव्यापासून लपली नव्हती. ती तिच्यापासून लपली होती! ज्या दारात जीव वाचवायला यायचे, ते दार तिने चौकी करून टाकले होते. आणि आता तिच्या भीतीने ती सहा माणसे या खोलीत गुदमरून मेली असती.

तिने दाराला कपाळ टेकले. दार गरम लागत होते.

"पोलीस नाहीत. मी आहे आणि एक म्हातारी बाई आहे. सकाळी मी तुम्हाला कागद विचारला, तसा काही नियम नाही. तो मी घाबरून काढला. चूक माझी आहे. आता कुणी काही विचारणार नाही, नावसुद्धा नाही. पण लवकर या हो. मला फार भीती वाटतेय आणि तुम्हाला सोडून मला परत जाता येणार नाही."

आत स्पॅनिशमध्ये कुजबुज झाली. व्हर्नाला ती युगासारखी वाटली. मग कडी सरकली.

फर्मिनला दोघांनी उचलून बसमध्ये आणले. मावशींनी ओल्या फडक्याने त्याचे नाक-तोंड झाकले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. परतीच्या वाटेवर समोरचे काही दिसत नव्हते. व्हर्ना रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ तेवढी पाहत होती. एका वळणावर पेटलेली फांदी रस्त्यात आडवी पडलेली होती. थांबावे की जावे? तिने डोळे मिटल्यासारखे केले आणि बस वरून नेली. खालून फांदी खरवडत गेली. मागे कुणीतरी रडत होते, पण ओरडले कुणी नाही. नोहेमी पुढे येऊन तिच्या खांद्यामागे उभी राहिली आणि पुढे काय दिसते ते सांगू लागली. डावीकडे खांब. आता सरळ. आता पूल.

बस पुलावरून उतरली आणि दलाच्या माणसाने मागे अडसर ओढला. त्या संध्याकाळी मजुरांच्या खोल्या आणि पंपाची खोली दोन्ही जळून गेली.

ते सहाजण पुन्हा व्यायामशाळेच्या दारात आले, तेव्हा कर्ट पुन्हा उभा राहिला. या वेळी व्हर्ना टेबलामागे गेली नाही. ती त्याच्यासमोर गेली.

"कर्ट, तुझं घर गेलं, तुझं दुःख मी कमी करू शकत नाही. यांनी आग लावली असं तुला वाटत असेल तर पोलिसांत जा, मी गाडीने पोचवते. पण झोपायला जागा यांनाही मिळेल. तुला मिळाली तशीच."

कर्ट आपली खाट ओढत पार पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याचे मन बदलले असे सांगितले तर वाचकांना बरे वाटेल, पण ते खोटे होईल. पुढचे तीन दिवस तो मजुरांशी एक शब्दही बोलला नाही. फर्मिनला मात्र दाराजवळची खाट मिळाली आणि परिचारिकेने त्याला प्राणवायू लावला. व्हर्नाने सहा पांघरुणे मोजली नाहीत, नुसती उचलून दिली.

इथे गोष्ट संपली असती तर व्हर्ना शिकली ते सोपे ठरले असते. दुर्बळ, बिचाऱ्या माणसाची दया कुणालाही येते. खरी परीक्षा सहा वाजता आली.

ग्लेन स्ट्रॉड दारात उभा होता. बागेचा मालक. शहराकडचा रस्ता दुपारीच बंद झाला होता आणि त्याला वाटेतून परत फिरावे लागले होते. त्याच्या डोळ्यांची आग होत होती, शर्ट काळा पडला होता. टेबलाशी येऊन तो म्हणाला, की जागा हवी आहे.

फर्मिनच्या खाटेभोवती बाकीचे मजूर सूप पीत होते. त्यांचे चमचे थांबले. मग खालच्या आवाजात बोलणे सुरू झाले, आणि गंमत पाहा, सकाळी मजुरांना हाकला म्हणणारेच आता म्हणत होते की याला हाकला. माणसे आगीत सोडून पळाला, याला कसली खाट? कोपऱ्यातून कर्टही म्हणाला, की याला बाहेर घाला.

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. पंपाच्या खोलीचे दार तिला आठवले. याला नाही म्हणायला आता तिच्याजवळ खरे कारण होते, फोनवरची उडती बातमी नव्हती. तिने लूशामावशींकडे पाहिले. मावशी सुपाच्या पातेल्यात डाव घालून उभ्या होत्या आणि मुद्दाम तिच्याकडे पाहत नव्हत्या.

व्हर्नाने श्वास घेतला.

"काय हवंय तुम्हाला?"

"झोपायला जागा," स्ट्रॉड म्हणाला. "आणि पाणी, जमलं तर." मग त्याने मान खाली घातली. "माझी माणसं... ती सहाही..."

"सहाही आहेत. त्यांच्याशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ही तुमची खाट, पंचावन्न नंबर."

पांघरूण देताना तिचे हात थरथरत होते. हे थरथरणे भीतीचे नव्हते.

थोड्या वेळाने नोहेमी टेबलाशी आली. तिने हळू आवाजात विचारले, "त्याला का दिली?"

"तुम्हाला दिली त्याच कारणासाठी."

"मला नाही आवडलं."

"मलाही नाही," व्हर्ना म्हणाली.

मग नोहेमीने खुर्ची ओढली आणि नोंदणीचे काम करायला ती व्हर्नाशेजारी बसली. रात्रीपर्यंत आलेल्या सतरा माणसांना पहिला प्रश्न तिनेच विचारला.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. नवव्या दिवशी पाऊस झाला. आग कशाने लागली ते आजतागायत कुणाला कळलेले नाही. मजुरांना सोडून गेल्याबद्दल नोहेमीने स्ट्रॉडविरुद्ध कामगार कार्यालयात तक्रार केली, आणि व्हर्नाने तिला त्या कार्यालयात गाडीने नेले. खाट देणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे. न्यायाची जागा वेगळी आहे, आणि तिथेही जायलाच हवे. पण जळत्या रस्त्यावरून आलेल्या माणसापुढे न्यायाधीश होऊन बसायचे नसते.

नागरिकहो, वणवा, पूर, भूकंप आपल्याला वर्षानुवर्षे चुकणार नाहीत. त्या दिवशी आपण सगळेच घाबरलेले असू, आणि घाबरलेल्या माणसाला रेघा ओढायला वेळ लागत नाही. म्हणून आत्ताच, डोके शांत असताना ठरवून ठेवू या. दारात आलेल्या माणसाला तू कोण, कुठला, कसा, हे नंतर कधीही विचारता येते. आधी विचारायचे ते एकच, तुला काय हवे आहे? जो आवडतो त्यालाही हेच विचारायचे, आणि ज्याच्याकडे पाहून हात थरथरतात त्यालाही.